आठ चाळीसची एसटी आणि त्रेसष्ट रुपयांची भाजी

मे महिन्यात चौथीतली भाची माझ्याबरोबर साताऱ्याहून कराडला आली. एसटी सुटली तेव्हा स्टँडवरच्या घड्याळात ८.४० झाले होते आणि कराडला उतरलो तेव्हा १०.१५. "किती वेळ लागला गं आपल्याला?" मी विचारलं. घरी गेल्यावर तिने वहीचं मागचं पान उघडलं आणि १०.१५ च्या खाली ८.४० लिहिले. पाचातून शून्य गेला, पाच उरले. एकातून चार जात नाहीत, म्हणून शेजारून एक घेतला. अकरातून चार गेले, सात उरले. नवातून आठ गेले, एक उरला. वही माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "एक तास पंच्याहत्तर मिनिटं, मावशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मंडईत गेलो. मेथीची जुडी २० रुपये, पाव किलो गवार २५, आलं-कोथिंबीर १८. भाजीवाल्या आजींनी "त्रेसष्ट झाले" म्हणायचा अवकाश, शंभराची नोट पुढे करत भाची म्हणाली, "सदतीस परत द्या." तिथे ना वही होती, ना पेन्सिल.

घरात मुलं असलेल्या प्रत्येकाला हे कोडं ओळखीचं असेल. पैशांत तरबेज असलेलं मूल वेळेच्या गणिताला अडखळतं. कधी उलटही होतं, गाडीची वेळ अचूक सांगणारा मुलगा दुकानातून किती सुटे परत घ्यायचे ते विसरतो. "लक्ष नाही तुझं" म्हणून आपण मोकळे होतो. पण भाचीचं ते पान मी पुन्हा पाहिलं, तेव्हा जाणवलं की तिचं लक्ष पुरेपूर होतं. शाळेत शिकवलेली एकही पायरी तिने गाळली नव्हती. मग चुकलं कुठे?

चूक वजाबाकीत नाही, गठ्ठ्यात आहे

पहिली-दुसरीत मुलं दहा काड्यांचा गठ्ठा बांधायला शिकतात. दहा सुट्यांचा एक दशक, दहा दशकांचं एक शतक. वजाबाकीत सुटे कमी पडले की गठ्ठा सोडायचा. शेजारून एक घेणं म्हणजे नेमकं हेच.

भाचीने मिनिटं कमी पडल्यावर तासांचा गठ्ठा सोडला, इथपर्यंत बरोबर होतं. पण तो सोडल्यावर तिच्या हाती १०० मिनिटं आली, कारण कागदावरची उभी मांडणी सगळे गठ्ठे दहाचे आणि शंभराचेच आहेत असं धरून चालते. तासाच्या गठ्ठ्यात मिनिटं असतात ६०. साठ आणि पंधरा मिळून पंच्याहत्तर, त्यांतून चाळीस गेले की उरतात पस्तीस. खरं उत्तर १ तास ३५ मिनिटं.

लिहिण्याची पद्धतही मुलांना फसवते. वेळ लिहिताना आपण ८.४० लिहितो आणि आठ रुपये चाळीस पैसेही ८.४० असेच लिहितो. टिंब तेच, पण काम वेगळं. पैशांतलं टिंब शंभराच्या गठ्ठ्याची हद्द दाखवतं, वेळेतलं टिंब साठाच्या. म्हणूनच २.५ तास म्हणजे २ तास ५ मिनिटं असं एखादं मूल म्हणतं, तर दुसरं २ तास ५० मिनिटं म्हणतं. असतात अडीच तास, म्हणजे २ तास ३० मिनिटं. मुलांना शिकवताना वेळेसाठी टिंबाऐवजी '८ ता. ४० मि.' असं लिहून घेतलं तर ही फसगत बरीच टळते.

तासाला साठच मिनिटं का?

हा प्रश्न मुलं विचारतात आणि तो टाळू नये. साठाच्या गठ्ठ्यांत मोजण्याची रीत आजच्या इराकमध्ये, बाबिलोनच्या परिसरात, सुमारे ४,००० वर्षांपूर्वी रुळलेली होती. मातीच्या पाट्यांवर तिथली गणितं आजही वाचता येतात. साठ ही संख्या वाटणीला फार सोयीची आहे. तिला १, २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २०, ३० आणि ६० अशा १२ संख्यांनी पूर्ण भाग जातो. शंभराला अशा फक्त ९ संख्या मिळतात आणि त्यांत ३ नाही. तासाचे तीन सारखे भाग केले की बरोबर २० मिनिटं येतात, शंभर रुपये तिघांत वाटायला गेलं की एक रुपया उरतो.

आपल्याकडचं जुनं कालमापनही साठाचंच. दिवस-रात्र मिळून ६० घटिका आणि एका घटिकेची ६० पळं. एक घटिका म्हणजे आजची २४ मिनिटं, त्यामुळे अडीच घटिकांचा एक तास होतो. लग्नाचा मुहूर्त साधायला घंगाळातल्या पाण्यावर तळाशी बारीक भोक असलेली वाटी सोडत. ती भरून बुडाली की एक घटिका झाली. 'घटका भरली' हा शब्दप्रयोग त्या वाटीतूनच आला. सुट्टीच्या दिवशी पातळ पत्र्याच्या वाटीला तळाशी बारीक भोक पाडून हा खेळ बादलीत करून पाहा. वाटी किती मिनिटांत बुडते ते मुलाने घड्याळात पाहून लिहायचं आणि तीन वाट्यांना किती वेळ लागेल याचा आधी अंदाज करायचा. वेळ ही मोजायची वस्तू आहे, हे हाताला कळतं.

आधीच्या पिढीला हे सोपं का जायचं?

१ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे आणे १६, आण्याचे पैसे ४, म्हणजे रुपयाचे पैसे ६४. डझन बाराचा, शेर-मणाची आणखी निराळी रीत. त्या काळच्या मुलाला दुकानात, शेतात आणि शाळेत रोज वेगवेगळ्या आकाराचे गठ्ठे हाताळावे लागत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत, कारण त्यांच्यावाचून बाजारात पान हलत नसे.

आजच्या मुलाच्या जगात रुपया शंभराचा, किलो हजाराचा, मीटर शंभराचा. सगळीकडे दहाचीच साखळी आहे. रोजच्या वापरात वेगळी वागते ती प्रामुख्याने वेळ. ज्याला एकाच मापाच्या कुलपांची सवय आहे, त्याच्यापुढे अचानक निराळं कुलूप येतं, म्हणून तिथे अडचण होते. मुलांची बुद्धी कमी झालेली नाही, त्यांचा सराव बदलला आहे.

भाजीवाल्या आजींची वजाबाकी

आता पुन्हा मंडईत जाऊ. भाचीने 'सदतीस' म्हटलं तरी आजींनी आपल्या रीतीनेच पैसे परत केले. तिच्या तळहातावर एकेक ठेवत त्या म्हणत गेल्या, "त्रेसष्ट... ही दोन, पासष्ट. ही पाच, सत्तर. हे दहा, ऐंशी. आणि हे वीस, शंभर." संपलं.

यात कुठेही वजा केलेलं नाही. आजी त्रेसष्टवर उभ्या राहिल्या आणि शंभरापर्यंत पुढे मोजत गेल्या. वाटेत त्यांनी सोयीचे टप्पे निवडले, पासष्ट, सत्तर, ऐंशी. हातावर जमलेली रक्कम हेच उत्तर. शिवाय पडताळणी आपोआप होते, कारण गिऱ्हाईकही सोबत मोजत असतं.

त्या संध्याकाळी मी भाचीला म्हटलं, "एसटीचा वेळ आजींसारखा मोजू या." जमिनीवर खडूने एक लांब रेघ ओढली. डाव्या टोकाला ८.४०, उजव्या टोकाला १०.१५. "आठ चाळीसवर उभी राहा. पुढचा सोयीचा टप्पा कुठला?" "नऊ." "तिथवर किती?" "वीस मिनिटं." तिने उडी मारली. नऊ ते दहा, एक तास. दहा ते सव्वादहा, पंधरा मिनिटं. वीस आणि पंधरा पस्तीस. मग ती स्वतःच थांबली. "म्हणजे पंच्याहत्तर मिनिटं चूकच होती. पंच्याहत्तर मिनिटांत तर आणखी एक तास येतो!"

ते शेवटचं वाक्य मला उत्तराहून मोलाचं वाटलं. पुढे मोजताना मूल कुठला गठ्ठा सोडायचा या भानगडीत पडतच नाही. नऊ वाजले म्हणजे एक तास भरला, हे त्याला घड्याळातून ठाऊक असतं. म्हणून वेळ आणि पैसे या दोन्हींसाठी पहिली रीत हीच शिकवावी आणि उभी मांडणी नंतर आणावी.

मराठीने दिलेली तयार शिडी

या कामात आपली भाषा फार मदत करते. पावणेनऊ या शब्दातच पुढचा टप्पा नऊ आहे आणि तिथे पोचायला पाव कमी आहे, हे सांगितलेलं असतं. भाजीवाल्या आजींची रीत शब्दात बांधून ठेवावी तसा हा शब्द आहे.

पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द गठ्ठ्याचा आकार बदलला तरी बदलत नाहीत. दीड तास म्हणजे ९० मिनिटं, दीड डझन म्हणजे १८, दीडशे म्हणजे १५० आणि दीड किलो म्हणजे १,५०० ग्रॅम. प्रत्येक ठिकाणी अर्थ एकच, एक पूर्ण गठ्ठा आणि वर अर्धा. तसंच पावणेदोन तास म्हणजे १०५ मिनिटं, पावणेदोनशे म्हणजे १७५, पावणेदोन हजार म्हणजे १,७५०. जेवताना हा खेळ घ्या: "पाऊण म्हणजे किती?" मुलाने उलट विचारायला हवं, "कशाचं पाऊण?" हा उलट प्रश्न त्याच्या तोंडून आला की समजावं, गठ्ठ्याची गोष्ट त्याला कळली.

दोन ठिकाणी मात्र शब्द अडवतात. पहिलं, साडेतीन, साडेचार अशा ओळीत आपण साडेएक, साडेदोन म्हणत नाही, दीड आणि अडीच म्हणतो. हे शब्द वेगळे सांगावे लागतात. दुसरं, मराठी संख्यानामांत एकक आधी येतं. 'त्रेसष्ट'मध्ये तीन आधी ऐकू येतात, म्हणून मूल ३६ लिहून मोकळं होतं. 'एकोणचाळीस'मध्ये चाळीस ऐकू येतात, पण लिहायचे असतात ३९. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची जोड आली तेव्हा राज्यभर वाद झाला, पण त्यामागची अडचण खरी होती. घरी दोन्ही म्हणून घ्यावं: "त्रेसष्ट, म्हणजे साठ आणि तीन." जुना शब्दही टिकतो आणि किंमतही उलटत नाही.

एका वर्तुळात दोन पट्ट्या

काट्यांचं घड्याळ मुलांना अवघड जातं, कारण एकाच वर्तुळावर दोन पट्ट्या आखलेल्या असतात. लहान काट्यासाठी ८ म्हणजे आठ, मोठ्या काट्यासाठी तोच ८ म्हणजे चाळीस. शिवाय ८.४० ला लहान काटा आठ सोडून नवाजवळ गेलेला असतो, म्हणून मूल नऊ चाळीस वाचतं.

'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत २०१७ साली १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना घड्याळ वाचायला दिलं होतं. नुसता तास सांगायचा होता तेव्हा ८३ टक्क्यांना तो जमला. मिनिटंही सांगायची म्हटल्यावर हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास आलं. तेव्हा चौथीतलं मूल अडखळलं तर घाबरून जायचं कारण नाही.

उपाय सोपा आहे. पुठ्ठ्याच्या ताटलीचं घड्याळ करा आणि पहिला आठवडाभर त्याला फक्त लहान काटा लावा. काटा आठ आणि नऊच्या मधोमध असेल तर साडेआठ, नवाला टेकत आला असेल तर नऊ वाजत आले. एका काट्यावरून वेळेचा अंदाज जमला की मगच मोठा काटा लावा आणि त्याच्याबरोबर पाचाचा पाढा वर्तुळावर म्हणून घ्या. मूल पाढा म्हणतं तेव्हा काटा फिरत असला पाहिजे.

बाजारात हुशार, वहीत गोंधळ

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, लिंबं विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास तेरेझिन्हा काराहेर, डेव्हिड काराहेर आणि आनालुसिया श्लीमान यांनी १९८५ साली प्रसिद्ध केला. आधी ठेल्यावर गिऱ्हाईक होऊन त्यांनी मुलांना हिशेब विचारले. शंभरातले सुमारे ९८ बरोबर आले. मग त्याच संख्या कागदावर नुसत्या उदाहरणांसारख्या दिल्या, तेव्हा बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवर घसरली. ३५ चा एक, असे दहा नारळ विकताना एका मुलाने दहाने गुणलं नाही. तीन नारळांचे १०५, सहांचे २१०, नवांचे ३१५, शेवटी एकाचे मिळवून ३५०, असा तो टप्प्याटप्प्याने गेला.

अलीकडे, २०२५ मध्ये, अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबद्दल असाच अभ्यास 'नेचर'मध्ये मांडला. बाजारातली मुलं अवघड व्यवहार झटक्यात सोडवत, पण शाळेच्या पद्धतीचं गणित त्यांना जमत नव्हतं. शाळेत जाणारी, पण बाजारात काम न करणारी मुलं पुस्तकी उदाहरणं करत आणि व्यवहाराच्या हिशेबात मागे पडत.

यातून घरच्यांसाठी एक ठाम गोष्ट निघते. व्यवहार आणि वही यांच्यामध्ये पूल आपोआप तयार होत नाही, तो बांधावा लागतो. मंडईतून आल्यावर तोच व्यवहार मुलाकडून कागदावर लिहून घ्या, आणि वहीतलं उदाहरण नाणी, नोटा किंवा खडूची रेघ घेऊन खेळून पाहा. दोन्हींचं उत्तर एकच येतं हे मुलाने डोळ्यांनी पाहिलं पाहिजे.

सुटे पैसे दिसेनासे झाल्यावर

२५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. पन्नास पैशांचं नाणं वैध असूनही मुलांनी बहुधा पाहिलेलं नसतं. म्हणजे दशांश अपूर्णांकांचा हातातला नमुनाच गेला. त्यातच २०१६ पासून यूपीआय आलं. आता दुकानात मोबाइल दाखवला की यंत्र रक्कम बोलून दाखवतं. परत घ्यायचे सुटे नाहीत, म्हणून पुढे मोजायची संधीही नाही.

सोय नाकारायची गरज नाही, सरावाची जागा मात्र मुद्दाम ठेवायला हवी. आठवड्यातून एक खरेदी रोखीने करा आणि ती मुलाच्या हातून होऊ द्या. निघताना फक्त अंदाज विचारा: "शंभरात भागेल का?" लहान मुलांना नाण्यांची संख्या आणि किंमत यांतला फरक आधी कळावा लागतो. एक-एकची पाच नाणी दहाच्या एका नाण्यापेक्षा जास्त वाटतात, म्हणून पाच-पाचची दोन नाणी देऊन एक दहाचं घ्यायचा खेळ खेळा. मोठ्यांना तुलना द्या: गवार पावला २५ रुपये आणि किलोला ९०, तर एक किलो लागणार असेल तेव्हा कसं घ्यावं? चार पावांचे शंभर होतात हे मुलाने शोधलं की दहा रुपये वाचवल्याचा आनंद त्याचा स्वतःचा असतो.

रात्र आणि तारीख ओलांडताना

रात्री ९.३० ला झोपलेलं मूल सकाळी ६.१५ ला उठलं तर किती झोपलं? पंधरातून तीस जात नाहीत आणि सहातून नऊही जात नाहीत, म्हणून वहीतली वजाबाकी इथे पुरती अडते. बाराचा टप्पा घेतला की सोपं होतं: बारापर्यंत अडीच तास, पुढे सव्वासहा तास, एकूण पावणेनऊ तास.

रेल्वेच्या तिकिटावर १२ तारीख आणि ००.१५ वेळ असेल, तर स्टेशनवर ११ तारखेच्या रात्री जायला हवं. हे मोठ्यांचंही चुकतं, म्हणून रेघेवर मध्यरात्रीची खूण करून मुलांना दाखवावं. तसंच १२ ते १६ तारखेची सुट्टी म्हणजे १६ वजा १२, चार दिवस नव्हे. दोन्ही टोकं धरून पाच दिवस, आणि मधल्या रात्री चार. काय मोजायचं आहे, दिवस की रात्री, हे आधी ठरवावं.

चौकट: थोडक्यात

• आधी विचारा, "गठ्ठा कितीचा?" तासाचा ६०, दिवसाचा २४, रुपयाचा १००, डझनाचा १२.
• उत्तर काढण्याआधी अंदाज घ्या: तासाच्या आत की बाहेर? पन्नासच्या वर की खाली?
• वजा करण्याऐवजी सोयीचे टप्पे घेत पुढे मोजा.
• ६० किंवा त्याहून जास्त मिनिटं उत्तरात दिसली की त्यांचा तास बांधा.
• "चुकलं" म्हणण्याआधी "कसं काढलंस?" विचारा. चुकीची जागा मूल स्वतः दाखवतं.
• रोज एकच खरा प्रश्न पुरे: बसचा, दुधाचा, झोपेचा, भाजीचा.

परतीची गाडी

चार दिवसांनी आम्ही संध्याकाळी साताऱ्याला परत निघालो. एसटी ५.१० ला सुटली. भाचीने खिडकीजवळची जागा पकडली आणि मी काही विचारायच्या आतच बोटं मोजायला लागली. "जाताना एक तास पस्तीस मिनिटं लागली होती ना? पाच दहा... एक तास, सहा दहा. पुढे पस्तीस... सहा पंचेचाळीस." जरा थांबून म्हणाली, "म्हणजे पावणेसात."

गाडी साताऱ्याच्या स्टँडात शिरली तेव्हा घड्याळाचा मोठा काटा दहावर होता आणि लहान काटा सातच्या अलीकडे. तिने वर पाहिलं, ओठांत पाचाचा पाढा पुटपुटला आणि पिशवी उचलत म्हणाली, "पाच मिनिटं उशीर झाला, मावशी."